बटणावरचं बोट

हिबा : अब्बा, नाही म्हटलं ना! बटणावरचं बोट काढा. आधी बोट काढा!

बद्रुद्दीन : ओरडतेस काय पोरी? घरात पाऊल टाकलं नाय तोच झाली सुरू. कॉफी भाजायचं पॉपकॉर्नचं मशीन हाय, बॉम्ब नाय.

हिबा : गॅस लीक होतोय, अब्बा. मला खाली जिन्यातच वास आला.

बद्रुद्दीन : आता गॅस! मागं म्हणालीस शॉक बसल, त्याच्या आधी म्हणालीस आग लागल. तुझं माझ्या मशीनशी वाकडंच हाय.

(पनवेलच्या या घरात बापासमोर आवाज चढवायची हिबाची ही पहिलीच वेळ. पायांतल्या चपला तशाच आहेत, आणि तिची पाचावर धारण बसली आहे.)

हिबा : मशीनचं राहू दे. हात खाली घ्या. एक ठिणगी उडाली तर आपण दोघंही उरणार नाही.

बद्रुद्दीन : ठिणगी कशी उडल? वायरिंग मी स्वतः केलंय. बघ, आधी पंखा नि कॉइल एकाच बटणावर होते, ते वेगळे केले. वर ही कंदिलाची काच बसवली. आणि जास्त तापलं की आपोआप बंद पाडणारा एक तुकडा होता आत, तो काढून टाकला. कॉफीच्या बिया तडकायच्या आधीच बंद पडायचं बेटं.

हिबा : म्हणजे आता ते तापतच राहणार?

बद्रुद्दीन : कॉइल पार लालभडक होते. म्हणून तर हा आकडा दाखवणारा मीटर लावलाय. आकडा बघायचा नि बंद करायचं.

हिबा : अल्लाच्या वास्ते, अब्बा! हात काढा!

बद्रुद्दीन : बरं बाई, काढला. पण गॅसबिस काय नाय हां. असता तर मला नसता आला वास?

हिबा : तुम्हाला येत नाहीये?

बद्रुद्दीन : खिडकीतनं गेला असल.

हिबा : खिडकी बंद आहे. बियांची फोलपटं शेजारी उडतात म्हणून तुम्हीच बंद करता. माझं डोकं गरगरतंय त्या वासाने, आणि तुम्हाला काहीच येत नाहीये?

बद्रुद्दीन : या अल्ला. दूध ठेवलं होतं मी. मंद आचेवर. मग इकडं स्क्रू आवळत बसलो.

हिबा : उतू गेलं असणार. शेगडी विझली आणि गॅस चालूच राहिला. मी आत जाते.

बद्रुद्दीन : तू नको! मी जातो.

हिबा : तुम्ही खिडकी उघडा. दिवा नको, पंखा नको, मोबाइललासुद्धा हात नको.

बद्रुद्दीन : उघडली. हिबा? हिबा! काय तरी बोल ना गं!

हिबा : शेगडी बंद केली. रेग्युलेटर पण. मागचं दार उघडलं. ओटाभर दूध झालंय.

बद्रुद्दीन : दूध मरू दे. बाहेर ये. आधी बाहेर ये तू.

हिबा : चला, जिन्यात बसू. धरून उतरा. कठडा सोडू नका.

बद्रुद्दीन : तू पण धर.

हिबा : कधीपासून येत नाही वास?

बद्रुद्दीन : त्या तापापासनं. गेल्या रमजानच्या आधी आला होता, तो. वाटलं, येईल परत.

हिबा : आणि दर जुम्म्याला मला कॉफी पाजून विचारता, वास कसा आलाय म्हणून?

बद्रुद्दीन : तू सांगशील तेवढाच कळतो मला. बिया नाकाने भाजतात गं. माझं नाक गेलं, म्हणून काच लावली, रंग दिसायला. म्हणून तो मीटर.

हिबा : सांगायचं ना आम्हाला!

बद्रुद्दीन : सांगितलं असतं तर तुझ्या भावाने उचलून नेलं असतं रोडपालीला. अदीबच्या सातव्या माळ्यावर काय करू मी? भीती वाटली.

हिबा : आणि आज मी आलेच नसते तर?

बद्रुद्दीन : नको बोलूस तसं.

हिबा : मला रडू येतंय, अब्बा. इथेच बसा माझ्याजवळ.

बद्रुद्दीन : बरं.

हिबा : ...चला. अर्धा तास झाला. आत जाऊ. गेला आता वास.

बद्रुद्दीन : नक्की?

हिबा : नक्की.

बद्रुद्दीन : थांब, पोरी. दारातनंच अजून एकदा वास घेऊन बघ. मला नाय कळत.