बेहड्याच्या खिंडीतला हुंकार

ऐका रं पोरांनो, शेकोटीजवळ सरका. आन् हुंकार द्यायचा बरं का! आपल्या वाडीत हुंकाराबिगर गोष्ट सांगत न्हाईत. ज्याच्या गोष्टीला हूं म्हणलं, त्याच्या घरचं माणूस झालं, असं आपली जुनी माणसं मानायची. ते खोटं न्हाई. ऐका.

सोमी ठाकरीण. दिवस मावळताना निरोप आला, आई शेवटच्या घटका मोजतीय. नवरा लांब, कोळशाच्या भट्टीवर. मग थांबती व्हय ती? सहा म्हैन्यांची लेक पाठीला झोळीत बांधली आन् निघाली माहेरी, एकलीच, बेहड्याच्या खिंडीनं. अंधार तर असा, सोताचा हात दिसंना!

खिंडीत शिरली आन् मागनं आवाज आला. कुणाचा? तिच्या आईचा! "एक गाव व्हतं, गावात दोघं भाऊ..." लहानपणी रोज निजताना ऐकलेली गोष्ट. सोमी म्हणाली, "हूं." अगं बये! इचार न्हाई, काय न्हाई, सवयच ती! आवाज सांगतोय, ही हूं म्हणतीय. वाट काही सरंना. चालून चालून पुन्हा तेच बेहड्याचं झाड. आवाज पार मानेपाशी आला, गारेगार श्वास लागला.

"...दुष्काळ पडला. धाकट्याच्या दारी उपाशी म्हातारी आली. त्यानं तिला हाकलली, आन् त्याची कणगी भरली."

सोमी दचकली. हाकलली? आई असं कधीच सांगायची न्हाई! आईच्या गोष्टीत धाकटा आपल्या ताटातला घास म्हातारीला देतो, तवा कुठं कणगी भरती. ही आई न्हवं! ही बाळंतपणात मेलेली हडळ, पोराची भुकेली! सोमीनं तोंड गच्च मिटलं.

गोष्ट चालूच. आन् पाठीवरनं हुंकार आला. "हूं."

सहा म्हैन्यांचं पोर रं! त्याला बोलता कुठं येतंय!

"हूं." पुन्हा. दर हुंकाराला झोळी हलकी व्हत चालली. हात मागं नेला, तर लेकीचं वजन कोंबडीच्या पिलाएवढं! पळाली, तर फिरून तिथंच. मग तिनं सोताच गोष्ट सांगाय घेतली. मोठ्यानं, रडत, अगदी पहिल्यापासनं. हडळीनं केस ओढले, आईच्या आवाजात गयावया केली, "सोमे, एकदा मागं बघ गं!" सोमीनं बघितलं न्हाई. सांगत राहिली. धाकट्यानं म्हातारीला घास दिला तिथवर आली, आन् पाठीवरनं बारीकसं "हूं" आलं. झोळी जड झाली. पोरगी भोकाड पसरून रडाय लागली. आन् समोर वाट मोकळी!

उजाडताना माहेरी पोचली. आई रातीच गेली व्हती.

तवा त्या खिंडीनं जायचं न्हाई, दिवसाबी न्हाई. आन् दोघा भावांची गोष्ट नीट ध्यानात ठेवा. आता मी थकलो. उद्या मी मेलो, आन् खिंडीतनं माझ्याच आवाजात कुणी ती उलटी सांगाय लागलं, तर हुंकार द्यायचा न्हाई रं बाळांनो. मी लाडानं हाक मारली तरी न्हाई.