तोंडातल्या टाचण्या

—हात सैल सोडा हो, शिंप्यापुढे कसली छाती फुगवता, घरी जाऊन श्वास सोडलात की अंगरखा दोन माणसांचा होईल. पांढराच ना? दास्तान सांगणारे सगळे पांढरंच घालतात आता. शिकता कुणाकडे म्हणालात? — अच्छा. मोठा माणूस. मेलेली उर्दू दास्तान, गोष्ट सांगायची ती जुनी कला, त्यानं जिवंत केली म्हणे, पेपरात आलं होतं, कात्रण आहे माझ्याकडे. भाचा माझा. बोलला नाही कधी? नसेल बोलला, कामात असतो.

ह्याच स्टुलावर बसायचा — सात वर्षं — मी काजं करत दास्तान सांगायचो, बादशहाची मिशी चोरणाऱ्या भामट्याची. शाळा माझी तिसरीतच सुटली, पण दास्तान तोंडपाठ, उस्तादांकडून, तेही शिंपीच. भामट्यानं मिशीला हात घातला की मी थांबायचो आणि ओठांतल्या टाचण्या काढायचो, एकेक करून, चार. का? अहो, पुढं हसू यायचं, हसताना गिळली म्हणजे दवाखाना.

परवा तिकीट काढून त्याच्या कार्यक्रमाला गेलो, त्याला न सांगता — म्हटलं, गंमत करू. मिशीपाशी आला, थांबला, आणि दोन बोटांनी ओठांवरून हवेतच काहीतरी उचललं — एक, दोन, तीन. सगळे चिडीचूप. मी एकटाच हसलो, शेजारच्या बाईंनी डोळे वटारले. शेवटी कुणीतरी विचारलं, ही खूण कुठली? म्हणाला, दरबारातली, जुन्या पुस्तकांतून शोधून काढली, शिकवणारं कुणी उरलंच नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत होतो, उरलेला.

आत भेटायला गेलो. माझ्याकडे बघितलं आणि पाहुण्यांना म्हणाला, हे आमचे शिंपी. मीही म्हटलं, हो, शिंपी, बाह्या बरोबर बसल्या ना? — आयुष्यभर अख्ख्या गल्लीची टर उडवली मी, आणि तिथं बाह्या विचारतो. बहीण वाट बघत होती घरी. तिला सांगितलं, स्टेजवर माझं नाव घेतलं त्यानं, दोनदा. रडली बिचारी — जाऊ दे, हे कुठं बोलू नका.

वळा, गळ्याचं माप राहिलं. तो मिशीचा तुकडा म्हणून दाखवा की. लाजता काय — हं — हं, बरं म्हणता — थांबा. तीनच काढल्यात. चौथी राहिली तुमच्या तोंडात. आता बोलू नका. शुक्रवारी या.