एकशे चाळीस हात

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी कॉलेजातली एक मुलगी आणि तिची मावशी नंबराची वाट बघत बसल्या होत्या.

“या वयात दाढा झिजतात कशा गं?”

“झोपेत दात खाते, मावशी. आमच्या कॉलेजात निम्म्यांचं हेच आहे.”

“एवढं नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज, आणि ही गत?”

“तिथे जो तो आपल्या शाळेत पहिला आलेला. ‘समजलं नाही’ असं कुणी म्हणतच नाही. सरांनी विचारलं की सगळे माना डोलावतात.”

“आणि तू?”

“मीही दोन वर्षं नंदीबैलच. परवा मात्र हात वर केला. म्हटलं, सर, फळ्यावरच्या गणितात तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली ते मला कळलं नाही.”

“हसले असतील सगळे.”

“कुणीच नाही. सर म्हणाले, आणखी कुणाला कळलं नाही? मागून एक हात वर आला, मग खिडकीजवळचे चार. बघता बघता सगळा वर्ग. एकशे चाळीस हात, मावशी. दरवेळी पहिला येतो ना, त्याचासुद्धा.”

“मग?”

“सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. म्हणाले, वीस वर्षं मी ही ओळ अशीच लिहीत आलोय. चला, आज शोधू या.”

“सापडलं?”

“मधल्या तीन पायऱ्या गाळलेल्या होत्या. दोन तास लागले, पण कुणी जागचं हललं नाही. तिसरी पायरी मी लिहिली.”

“बरं केलंस. पण दाढांचं काय?”

“झिजल्या त्या झिजल्या. पण खोलीतली मैत्रीण म्हणते, परवापासून रात्री तुझ्या दातांचा आवाज येत नाही.”