बाझल ते बर्न

शिवांगी : बावीस मिनिटं पुष्कळ झाली, केदार. बॅग घ्यायची, पोरगी घ्यायची, गाडी बदलायची.

केदार : आधी बॅग?

शिवांगी : बरं, आधी पोरगी. तुमची पॅरिसची गाडी बाझलला बारा सहाला येते, आमची मिलानची बारा अठ्ठावीसला सुटते. मी अकरापासून तिथे उभी असेन.

केदार : पण फ्रान्सच्या गाड्या स्टेशनच्या पार एका टोकाला लागतात म्हणे. आम्ही दहा मिनिटं लेट झालो तर?

शिवांगी : तर पुढची मिलानची थेट गाडी दोन तासांनी. तोपर्यंत तू आणि मी एका बाकावर बसणार?

केदार : नको. बावीस मिनिटं पुष्कळ झाली.

शिवांगी : इथे दर शुक्रवारी किराणा दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये चार मिनिटांत उरकतं आपलं.

केदार : तिथे पासपोर्ट नसतो द्यायचा.

शिवांगी : तो पॅरिसलाच तिच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये घाल. तुझ्या खिशात ठेवू नकोस.

केदार : एकदाच हरवला होता यार. आणि तो माझा होता.

शिवांगी : तेव्हा शोधायला मी होते.

केदार : ...तू तो तक्ता भरलास का?

शिवांगी : तेच चाललंय. बघ. ‘सॅन फ्रान्सिस्को ते पॅरिस, मूल कोणाच्या ताब्यात : वडील. पॅरिस ते बाझल : वडील. बाझल ते मिलान : आई.’ मग मिलानला प्रीताकडे आठ दिवस, आणि ‘मिलान ते सॅन फ्रान्सिस्को : आई.’ कोणाच्या वकिलाच्या डोक्यातून निघालं हे, देव जाणे.

केदार : तुझ्या.

शिवांगी : असेल. घटस्फोटाच्या कागदात इतकी कलमं होती, मी शेवटी शेवटी नुसत्या सह्या करत होते. चल, आटप. ह्यावर शिक्का मारणारा शिपिंगच्या दुकानातला नोटरी शनिवारी दोनला जातो. तिकिटं काढली की गाड्यांचे नंबर टाकायचे आणि पळायचं.

केदार : माझं बर्नचं काढून झालंय. तुमचं काढ.

रुही : आई, माझी ब्लू हुडी कुठेय? ओह. तुम्ही दोघं टेबलवर? इज समबडी सिक?

केदार : कोणी आजारी नाही. ये, तुझी तिकिटं काढतोय.

रुही : सीट मी सिलेक्ट करणार! आई, लॅपटॉप इकडे. वेट, मला विंडो हवी. ही कुठे कुठे थांबते?

शिवांगी : थांबेना का कुठेही. आपल्याला मिलानला उतरायचंय.

रुही : लीस्टाल, ओल्टन, बर्न... बाबा, बाझलनंतर तू कुठे जाणार आहेस?

केदार : सुशांतकाकाकडे. दोन दिवस.

रुही : तो बर्नला राहतो ना?

केदार : हो.

रुही : ही गाडी बर्नला जाते. थर्ड स्टॉप.

शिवांगी : रुही, सीट बघ.

रुही : बाबा, तुझं तिकीट दाखव. ट्वेल्व फिफ्टी-नाइन? आमच्यानंतर थर्टी-वन मिनिट्स. सेम स्टेशन, सेम बर्न. व्हाय?

केदार : मी तिथे जरा कॉफी पिणार आहे.

रुही : थर्टी-वन मिनिट्स?

केदार : फार गरम असते तिकडे.

रुही : आणि इथे लिहिलंय, तुझं तिकीट त्या दिवशी कुठल्याही ट्रेनला चालतं.

शिवांगी : सगळं वाचते कार्टी. मराठी शाळेचं पुस्तक तेवढं वाचवत नाही.

रुही : आई, डोन्ट चेंज द सब्जेक्ट.

केदार : रुही, हे बघ बेटा, कधी कधी मोठ्या माणसांना...

रुही : आय नो. तुम्ही परत एकत्र राहणार नाही. मी बारा वर्षांची आहे, पाच नाही. पार्किंग लॉटमध्ये मी तुझ्या कारमधून उतरते आणि आईच्या कारमध्ये बसते. फाइन. कार दोन आहेत. पण ही ट्रेन एकच आहे.

शिवांगी : हुडी ड्रायरमध्ये आहे.

रुही : दोन वर्षं झाली, आपण तिघं एकत्र कशातच बसलो नाही. आय मिस इट, ओके? आणि मी सांगितलंय हे तुम्ही विसरू नका.

(रुही आत जाते. ड्रायरचं दार उघडल्याचा आणि आपटल्याचा आवाज.)

केदार : मे महिन्यात तूच म्हणाली होतीस, एका गाडीत नको.

शिवांगी : म्हणाले होते. तू लगेच हो म्हणालास.

केदार : मला वाटलं, तुला त्रास होईल.

शिवांगी : त्रास तुझा नाही रे. तू बर्नला उतरशील, खिडकीबाहेरून हात करशील, आणि पुढे तीन तास ती माझ्यासमोर रडत बसेल. तेव्हा मी काय करू?

केदार : प्लॅटफॉर्मवर नाही रडणार?

शिवांगी : प्लॅटफॉर्मवर धावपळ असते. धावपळीत रडायला सुचत नाही. म्हणून तर मला ती बावीस मिनिटं आवडली होती.

केदार : मलाही. शुक्रवारी मी गाडी बंदच करत नाही, बघितलंयस?

शिवांगी : बघते ना. मला वाटायचं, कोणीतरी वाट बघतंय तुझी.

केदार : कोण वाट बघणार! गाडी बंद केली की मग मला निघवत नाही. तुम्ही गेल्यावरही तिथेच बसून राहतो. वाईट वाटतं, शिवांगी. दर शुक्रवारी वाटतं.

शिवांगी : हे दोन वर्षांत आज सांगतोयस.

केदार : चार मिनिटांत कधी सांगणार?

शिवांगी : ...चार सीटचं टेबल मिळतंय. बघू का?

केदार : बघ. तुला गाडीच्या दिशेला तोंड करून लागतं ना? नाहीतर मळमळतं.

शिवांगी : हो. तिला विंडो, तिच्या शेजारी मी. तू समोर.

केदार : आणि माझ्या शेजारी?

शिवांगी : बॅगा. वर ठेवू नकोस, उतरताना विसरशील. बर्नला गाडी जास्त थांबत नसेल.

केदार : नाही ठेवणार. आणि सुशांतला कळवतो, अर्धा तास आधी येतोय म्हणून.

शिवांगी : झालं बुकिंग. आता हा तक्ता मोडायला हवा. बाझल ते बर्न वेगळी ओळ, बर्न ते मिलान वेगळी. बर्न ते मिलान : आई.

केदार : आणि बाझल ते बर्न?

शिवांगी : हा रकाना दोन नावं घेत नाहीये. ‘आई’ नाहीतर ‘वडील’. आणि खाली ‘अन्य’.

केदार : ‘अन्य’ कर.

शिवांगी : केलं. कारण लिहा म्हणतोय.

केदार : काय लिहितेयस?

शिवांगी : ‘दोघंही सोबत.’

केदार : नोटरी विचारेल.

शिवांगी : विचारू दे. सांगू, छप्पन्न मिनिटांपुरतंच आहे.