इंजिनातलं च् च्

…नाही, पण मी म्हणते, तेल ते तेल, नाही का हो? तुम्हीच सांगा! दुकानदार आपला विचारतोय, "आंटी, मिनरल, सेमी सिंथेटिक की फुल सिंथेटिक?" वर पुन्हा आकडे! "झीरो-ट्वेंटी देऊ की ट्वेंटी-फिफ्टी? पहिला आकडा गार इंजिनाचा, दुसरा तापलेल्याचा, आकडा मोठा तेवढं तेल जाड." म्हटलं, "बाबा रे, शनिवारी आमच्या ह्यांचा वर्षाचा विधी आहे, ह्यांच्याच गाडीतून गावी जायचंय. गेलेल्या माणसाच्या कामाला हलकं कसं न्यायचं? सगळ्यात उंची दे." दिलं त्यानं, फुल सिंथेटिक, झीरो-ट्वेंटी. पाण्यासारखं पातळ! तरी मी बाटली चर्चमध्ये वेदीपाशी ठेवली, शुक्रवारचे उपास चाललेच होते, पास्टरांनी हात ठेवून आशीर्वाद दिला, मग पंपावर जुनं काढून हे ओतलं. तेल ते तेल!

किल्ली फिरवली आणि… च् च् च् च्!

अंगावर सर्रकन काटा! अहो, सूप खारट झालं की हे जिभेनं अस्साच आवाज काढायचे! मागे बसलेल्या नणंदबाई, पोमा, किंचाळल्याच, "वहिनी, दादा आहे आत!"

"कशावरून?"

"नापसंतीवरून!"

बंद केलं की गप्प. लावलं की च् च्. बॉनेटपुढे हात जोडले, "अहो, काय चुकलं माझं?" च् च् च्! आता सांगा, वर्षभराचं दुखवट्याचं काळं उतरवून विधीला पांढरं नेसायचं ते ह्यांच्या राजीखुशीनंच ना? रुसलेल्या माणसासमोर कुठल्या तोंडानं नेसू?

गाडी तशीच रखडत सुआमेच्या गॅरेजवस्तीत नेली, ह्यांच्या दोस्ताकडे, बादू फिटरकडे. त्यानं कान लावला नि हसतच सुटला. "वहिनी, हे नव्याकोऱ्या गाडीचं तेल! माझ्या दोस्ताचं, ओपोकूचं, इंजिन म्हातारं, आतल्या फटी रुंदावल्यात, पातळ तेल निसटतं नि लोखंडावर लोखंड वाजतं. सिंथेटिकला नाव नाही ठेवत मी, पण ह्याला जाड हवं. हे पातळ काढून देतो ओतून."

"कुठे?"

"जमिनीवर, आणखी कुठे?"

"खबरदार! आशीर्वादाचं तेल ते! आणि जमिनीवर ओतलेलं थेट पितरांना पोचतं, ह्यांना काय पुन्हा तेच पाजू?"

शेवटी फुफूचे कंद उकडायच्या माझ्या पातेल्यात धरलं, गावच्या स्वयंपाकाला न्यायचं म्हणून गाडीत होतंच. मग जाड भरलं, किल्ली फिरवली… काही नाही. चिडीचूप. "गेला बाई राग!" पोमा म्हणाली.

गावापर्यंत गाडी गप्प. मी मुद्दाम खड्ड्यात घातली… गप्प. विधी छान झाला, पांढरं नेसले, सगळे म्हणाले शोभतं. परतीला पुन्हा बादूच्या दारात.

"आता काय? वाजतेय?"

"नाही ना रे," म्हटलं. "ते पातेल्यातलं… थोडंसं परत घालता येईल?"

"वहिनी, इंजिन मरेल!"

आता त्यालाही कसं मारू? तेल ते तेल नसतं हो… काय करणार! हल्ली सूपातच मीठ जरा जास्त घालते, आणि कान देऊन बसते.