सोळाशे सोडून बाराशेचं इंजिन

नाव ओदिलिया मोंतिएल, वय सत्तेचाळीस, धंदा टॅक्सी, राहणार टेकडीवरची वरची गल्ली, पाण्याच्या टाकीखाली, मेक्सिको शहर. विधवा. हा शेवटचा शब्द अंमलदार उर्बिना यांनी विचारून लिहिला, मी आपणहून सांगितला नव्हता.

मी चौकीत समक्ष हजर राहून, विचारलं तेवढंच सांगते की, माझ्याकडे गोल पाठीची, मागे इंजिन असलेली एक जुनी हिरवी वोचो मोटार आहे. माझा नवरा आमादोर वारल्यापासून ती मीच चालवते. चर्चपासून टाकीपर्यंतचा चढ मोठ्या गाड्यांना जमत नाही, वोचोला जमतो. म्हणून टेकडीवरच्या सगळ्या टॅक्सी वोचोच आहेत आणि वोचोच्या इंजिनाविषयी टेकडीवर प्रत्येकाला मत आहे. अंमलदार उर्बिना यांच्या मामाकडेही वोचो होती. सोळाशे सीसीच्या इंजिनासारखं इंजिन नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. हे माझ्या जबाबात लिहू नका म्हटलं, तरी त्यांनी लिहिलं.

गेल्या महिन्यात गाडी चर्चच्या वळणावर बंद पडली. आत चार सवाऱ्या होत्या. मागून धूर, खाली तेल. स्टँडवरचे सगळे धावत आले आणि गाडी ढकलायची सोडून सल्ले द्यायला लागले. एक म्हणाला, "बाई, रिंगा गेल्या." दुसरा म्हणाला, "रिंगा कसल्या, क्रँकच गेला." माझा धाकटा दीर चोन म्हणाला, "वहिनी, दादा असता तर ही वेळ आली नसती." तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुमच्या तोंडांवर गाडी चालली असती तर मी आत्तापर्यंत चंद्रावर पोचले असते! जो इंजिन आणून देईल त्याला मी इंजिनाचा पाद्रिनो करते. आहे का कुणाची छाती?" हे मी चारचौघांत बोलले, मान्य आहे.

पाद्रिनो म्हणजे काय हे चौकीत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कागद वर जाणार म्हणून लिहून घेतलं. मोठा खर्च निघाला की आम्ही तो उचलणारा पाद्रिनो धरतो. मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला केकचा एक, बँडचा एक, बुटांचासुद्धा एक. फादरनी पाणी शिंपडलं की तो माणूस आपला कोंपाद्रे होतो, म्हणजे सख्ख्या भावासारखा. कोंपाद्रेशी भांडायचं नसतं, त्याला कोंबडीचं जेवण घालायचं असतं, आणि आणखी एक गोष्ट त्याच्याशी करता येत नाही. ती मी या ठिकाणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिबोरिओ ओरोपेसा, वय बावन्न, स्टँडचा मुकादम, विधुर, माझ्या फाटकाशी आला. हातगाडीवर सोळाशेचं इंजिन, धुऊन पुसून, वर लाल फीत बांधलेली. हा माणूस दीड वर्ष झालं, रोज सकाळी माझ्या गाडीचे प्लग काढून घासून देतो आणि प्लगांविषयी बोलतो. दुसरं काही बोलत नाही. त्या दिवशी म्हणाला, "ओदिलियाबाई, हे बसवा. चार सवाऱ्या घेऊन गाणं म्हणत चढाल."

मी म्हटलं, "नको."

"का हो?"

"मोठं आहे. माझ्या गाडीला झेपायचं नाही."

हे खोटं होतं. बोल्ट तेच, जागा तीच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. लिबोरिओचा चेहरा पडला. त्याने हातगाडी वळवली आणि उतारावर ती सांभाळत, मागे न बघता गेला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हे वाक्य खोडा म्हटलं, तर अंमलदार म्हणाले खोडाखोड चालत नाही.

मी दिलेला शब्द टेकडीवर फिरला होता. दुसरा कुणी पाद्रिनो लगेच उभा करणं भाग होतं. म्हणून त्याच दुपारी मी चोनकडे गेले. त्याच्या खुराड्यात बाराशेचं एक इंजिन कित्येक वर्षं पडून होतं. चोन म्हणाला, "वहिनी, हे चालत नाही हो."

"चालेल."

"चढ चढायचं नाही."

"चढेल."

"त्यात कोंबडी बसलीय."

"उठव."

कोंबडी उठवली. इंजिन बसवलं. तेव्हापासून सवाऱ्या वळणावर उतरतात, चालत वर जातात आणि टाकीपाशी माझी वाट बघत थांबतात. एक आजीबाई मक्याच्या पिठाची पाटी डोक्यावर घेऊन माझ्या आधी पोचतात आणि वरून मला हात दाखवतात. भाडं तेच घेते, पण असंच चाललं तर माझ्या गाडीत कुणी बसणार नाही आणि माझी चूल त्या गाडीवर आहे. एवढं सगळं मला कळत होतं.

काल रविवारी सकाळी चर्चपुढे इंजिनाला आशीर्वाद द्यायचा ठरला होता. मागचं झाकण उघडं होतं. चोन पाद्रिनो म्हणून उसना सूट घालून, खिशात फूल खोचून उभा होता. फादर पवित्र पाण्याच्या बादलीत हात घालणार, एवढ्यात लिबोरिओ आपल्या गाडीच्या टपावर सोळाशेचं इंजिन बांधून आला. दोन पोरांच्या मदतीने ते माझ्या गाडीमागे उतरवलं आणि त्यावर बसला. म्हणाला, "माझ्या इंजिनात काय वाईट आहे ते सांगितल्याशिवाय मी उठत नाही."

चोन म्हणाला, "अरे, तुझं नाही घेतलं, संपलं! लाज नाही का वाटत?"

लिबोरिओ म्हणाला, "मी तुला विचारलंय का, कोंबडीवाल्या?"

चोनने वाकून त्याला ढकललं. लिबोरिओने बसल्या जागेवरून फादरांची बादली उचलली आणि चोनच्या डोक्यावर उपडी केली. मारहाण झाली म्हणायची तर एवढीच झाली. फादर म्हणाले, "सगळं पाणी चोनवर पडलं. आशीर्वाद चोनला लागला, इंजिनाला नाही. पुढच्या रविवारी या." नंतर शिपाई आले. लिबोरिओ उठेना, म्हणून त्याला इंजिनासकट उचलून आणलं. सध्या तो बाहेर पॅसेजमध्ये त्याच इंजिनावर बसलेला आहे. त्याला कॉफी दिली, ती त्याने घेतली नाही.

सोळाशेचं इंजिन दारात फुकट आलेलं असताना बाराशेचं भंगार का घेतलं, असं अंमलदारांनी विचारलं. ते माझं खासगी आहे, असं मी सांगितलं. भांडणाचं मूळ तेच आहे, ते लिहिल्याशिवाय जबाब पुरा होत नाही आणि लिबोरिओला आज सोडता येणार नाही, असं ते म्हणाले. आतल्या खोलीतून मोठे साहेबही बाहेर आले. म्हणाले, "बाई, माझ्या वडिलांची वोचो होती. मलाही कळू दे."

तेव्हा सांगते. कोंपाद्रेशी लग्न करता येत नाही. आमच्या मागच्या गल्लीत एकाने केलं, त्याच्या घरी अजून कुणी पाणी पीत नाही. लिबोरिओचं इंजिन घेतलं असतं तर पाणी शिंपडताक्षणी तो जन्माचा माझा भाऊ झाला असता. चोन दीरच आहे, तो आणखी एकदा भाऊ झाला म्हणून माझं काही जात नाही. मला लिबोरिओ आवडतो. लिहा, आवडतो. मग हे त्यालाच का नाही सांगितलं, असं मोठ्या साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "साहेब, दीड वर्षात जो बाबा प्लगांच्या पुढे सरकला नाही, त्याला बाईमाणसाने काय सांगायचं? आणि एकदाचा सरकला, तर भाऊ व्हायला निघाला!"

चोनवर माझा राग नाही, त्याचा सूट मी धुऊन देईन. पाणी इंजिनाला लागलेलं नाही, त्यामुळे त्याचं इंजिन त्याला परत देता येतं. कोंबडीला तिची जागा मिळेल. नवऱ्याने आणलेल्या इंजिनाला पाद्रिनो लागत नाही, हे फादरांना विचारून घेतलं आहे. ते मी मागच्या महिन्यातच विचारलं होतं.

अंमलदार जबाब हळू आवाजात वाचायला लागले, म्हणून मी उठून दार उघडलं आणि खणखणीत वाचायला लावलं, शेवटचे दोन परिच्छेद दोनदा. सगळं मी सांगितल्याप्रमाणे आहे. सोळाशे चांगलं हे मत अंमलदारांचं आहे, आणि माझंही आहे. दुसऱ्या वाचनाच्या मध्येच लिबोरिओ इंजिनावरून उठला, दारात आला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "ओदिलियाबाई, प्लग नवे घालू, की जुनेच घासू?" नवे घाला, असं मी सांगितलं. इथे सही करते.