राघूनाकाचा मेंढा

—घासा की, दादा. अंगठा थुंकीनं वला करा अन् ह्या तपकिरी ठिपक्यावर घासा. आष्टीच्या बाजारात मेंदीनं ठिपके काढून मेंढे इकणारे लई झालेत, पर ह्या छबुबाईचा माल तसला न्हाई. राहू द्या म्हंता? बरं, मग नाक बघा — राघूवानी बाक हाय का न्हाई? मान लांब, कान लोंबते, शिंगाचं नाव न्हाई, पाय हे असे उंच. अस्सल माडग्याळच्या खुणा ह्याच. जात सांगलीकडची, जत तालुक्यातली. आमचे मालक ह्याच्या बापाला टेम्पोत आणायला तितवर गेलते, तर येताना सोताची घोंगडी त्याच्या अंगावर टाकली अन् आपण कुडकुडत आले — माझ्यासाठी कधी रुमाल काढला न्हाई त्या माणसानं! आता मालक बी गेले, त्यो बाप बी गेला. हा तेवढा राहिला — चार दाती, ऐन भरातला.

मग इकता कावून म्हंता? आवो, ह्याच्या लेकी वयात आल्या की कळपात. बाप लेकीत ठेवला तर पुढची कोकरं किरकोळ निपजतात, मेंढा बदलावाच लागतो. दुसऱ्याच्या कळपात गेला तर नाव काढंल. तुमचा कळप केवढा हाय?

कळपच न्हाई? मग न्हेता कशाला... कंदुरीला? कापायला?

हां. नवसाची असंल. चांगलंय, देवाचं काम हाय. — पर दादा, खोटं कशाला बोलू, हा तुमाला चालायचा न्हाई. मटण लई चिवट लागंल. मघाशी चार दाती म्हणले का मी? आठ दाती हाय, म्हातारा झालाय. अन् जातीचं म्हणाल तर ह्याची आई इथलीच काळी मेंढी. नाक? ते लहानपणी खुंट्यावर आपटलं, तवापासून वाकडं हाय. ठिपका तर सुनेनं काढलाय, मेंदीचा. तिला लई हौस.

आता कावून घासायलात? मघाशी म्हणले तवा घासलं न्हाई... घासा. आणखी घासा.

निघंना न्हवं? निघंल कसा, आईच्या पोटातून आणलाय त्यानं. माझ्या तोंडाकडं काय बघता? लबाड म्हणा, पर मेंढा इकायचा न्हाई. त्या कोपऱ्यात सुग्रीवकडं बोकडं हायेत, तुमची कंदुरी तितं भागंल. जावा. अन् जाताना ह्याला गोंजारू नका — माणसाळलेला हाय, मागं यील.